गोधडीचं कार्ड

मी दाराची बेल वाजवली की आमची कुत्री पलंगाखाली जाते. दुसरं कोणीही आलं की ती शेपटी हलवत दाराशी धावते, मीटर बघायला येणाऱ्या माणसाचेसुद्धा हात चाटते. माझ्यापासून मात्र ती पळते, कारण मी आले म्हणजे अंघोळ आली.

त्या रविवारीही तसंच झालं. बाबांनी दार उघडलं आणि मी चपला काढायच्या आत आतून फरशीवर नखांची खरखर ऐकू आली.

"गेली बघ," बाबा म्हणाले. दर वेळी ते हेच म्हणतात आणि दर वेळी हसतात.

मला हसू आलं नाही. आठवड्याचे सहा दिवस मी दुकानात परक्यांची कुत्री धुते आणि सातव्या दिवशी घरची. माझी एकच सुट्टी, ती अशी वाया जाते. बसने पाऊण तास यायचं, दोन तास कंबर वाकवून कुत्री घासायची, पुन्हा पाऊण तास परत. बाबांच्या खोलीत मी शेवटची कधी टेकले होते, मला आठवत नव्हतं.

कुत्रीचं नाव गोधडी. अंगावर केसांचे दोन थर, वरचे लांब आणि खालचे कापसासारखे दाट. आई गेली त्या वर्षी बाबांनी तिला आणली. पिल्लू होती तेव्हा घडी करून ठेवल्यासारखी दिसायची, म्हणून गोधडी. आता ती आठ वर्षांची आहे, आणि घडी काही होत नाही.

मी पलंगाखाली हात घालून तिला बाहेर ओढली. मध्ये टेबलफॅन आडवा येत होता, तो पायाने बाजूला सरकवला.

"हा पंखा जमिनीवर कशाला ठेवता हो? एक दिवस वायरीत पाय अडकून पडाल."

"राहू दे तिथेच," बाबा म्हणाले.

न्हाणीघरात तयारी जय्यत होती. प्लास्टिकचा टब, दोन बादल्या कोमट पाणी, मग, तीन जुने टॉवेल, माझ्यासाठी स्टूल. बाबांचे गुडघे कुरकुरतात, तरी रविवारी हे सगळं मी यायच्या आधी मांडलेलं असतं. मी गोधडीचे शेपटीजवळचे केस बाजूला केले. तळहाताएवढा लाल डाग, ओला, चिकट, त्यावर केस चिकटलेले. डाव्या कानामागे तसाच दुसरा. वास येत होता. चाटून चाटून आणि खाजवून खाजवून तिने स्वतःची सालटी काढली होती.

"गेल्या आठवड्यापेक्षा वाढलंय," मी म्हणाले.

"कानामागे जरा नीट बघ हं," बाबा दारातून म्हणाले.

नीट म्हणजे किती नीट बघायचं? हे प्रकरण सुरू झालं उन्हाळा संपताना. तेव्हा तिला पिसवा झाल्या होत्या. मी औषध टाकलं, पिसवा महिन्याभरात गेल्या, खाज मात्र गेली नाही. मग मी दर रविवारी येऊन अंघोळ घालायला लागले. त्याआधी दोनेक महिन्यांतून एकदा डोकवायचे, तेही फोनवर दहा वेळा "बघते, जमलं तर" म्हणून झाल्यावर. खाज वाढली तसा मी शाम्पू बदलला. मग आणखी एक बदलला. तिसरा तर इतका जालीम होता की माझ्याच हातांची आग व्हायची. बारा वर्षं ह्या धंद्यात काढलीत मी, घरच्या कुत्रीसाठी डॉक्टरच्या दारात जाऊन बसायचं म्हणजे माझी अब्रूच गेली असती. दुकानात येणाऱ्यांना मी येताजाता डॉक्टरकडे पिटाळते, ती गोष्ट वेगळी.

गोधडी टबमध्ये उभी राहिली, कान पाडून, भिंतीकडे तोंड करून. ती कधी गुरगुरत नाही. गुरगुरली असती तर मला बरं वाटलं असतं.

टॉवेलने पुसत होते तेवढ्यात दादा आला. दादा माझा थोरला भाऊ. तो, वहिनी आणि त्यांची दहा महिन्यांची मुलगी पुढच्या खोल्यांत राहतात, बाबा आणि गोधडी मागच्या.

"हे बघ," दादा म्हणाला, "तुझ्यासमोर बोलतो, म्हणजे मागाहून कोणी काही म्हणायला नको. छोटी रांगायला लागलीय. परवा ह्या खोलीत आली आणि हिच्या त्या जखमेत बोटं घातली. तिथून बोटं सरळ तोंडात. तुझ्या वहिनीने घर डोक्यावर घेतलं."

"साहजिक आहे."

"आम्ही काही हिच्या वाईटावर नाही. गावाबाहेर माझ्या ओळखीचे एकजण आहेत, मोठं आवार आहे, दोन कुत्री आहेतच. ते ठेवून घेतील. महिनाअखेरपर्यंत हिचं अंग बरं झालं तर प्रश्नच नाही. नाही झालं तर शेवटच्या रविवारी मी गाडी घेऊन जाईन आणि सोडून येईन."

महिनाअखेरीला अडीच आठवडे होते. मी बाबांकडे बघितलं. आता बोलतील, निदान चिडतील तरी. ते ओले टॉवेल पिळत राहिले. पिळून झालेला टॉवेल त्यांनी पुन्हा पिळला.

"बाबा, तुम्ही काय म्हणता?" दादाने विचारलं.

"मी काय म्हणणार," बाबा म्हणाले. "लहान मूल आहे घरात."

निघताना मी त्यांना म्हणाले, "काळजी करू नका. पुढच्या आठवड्यात मी रविवारबरोबर मधल्या वारीही येते. दोनदा धुऊ तिला." बाबांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं. मला वाटलं, डोळे भरून आलेत. बस चुकेल म्हणून मी तशीच धावत सुटले.

बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला. "चिघळलंय गं," ते म्हणाले. बुधवारचा त्यांचा फोन हा आता ठरलेला होता आणि त्यातली बातमीही.

फोन ठेवला तेव्हा मी दुकानात कार्डांचा डबा घेऊन बसले होते. आमच्या मालकीणबाईंचा हा एक खाक्या आहे. प्रत्येक कुत्र्याचं एक कार्ड. अंघोळीची तारीख, कातडी कशी होती, कोणता शाम्पू, कशाने वाळवलं, आणि शेवटच्या रकान्यात तीन दिवसांनी मालकांना फोन करून विचारायचं, खाजवतंय का. मालकीणबाई म्हणतात, अंघोळ कशी झाली ते अंघोळीच्या दिवशी कळतच नाही, सगळीच कुत्री त्या दिवशी छान दिसतात. कळतं ते तीन दिवसांनी. फोन करायचं काम माझ्याकडे. गेल्या बारा वर्षांत मी हजारो लोकांना विचारलं असेल, खाजवतंय का, म्हणून.

"कोणाचा फोन?" मालकीणबाईंनी कात्री पुसत विचारलं.

"बाबांचा. गोधडी काही बरी होत नाहीये. सगळे शाम्पू करून थकले."

"तिचं कार्ड बघू."

"घरच्या कुत्रीचं कसलं आलंय कार्ड?"

"मग काढ की. तुला काही सुचत नसलं की कार्ड काढायचं. मीच का सांगायचं तुला?"

मी नाक मुरडून एक कोरं कार्ड घेतलं. नाव, गोधडी. वय, आठ. केस, दुहेरी, दाट. अंघोळ, दर रविवारी. हे लिहितानाच पेन जरा अडखळलं, कारण दुसऱ्या कुणाच्या कार्डावर मी "दर आठवड्याला" बघितलं असतं तर त्या माणसाला उभ्या उभ्या झापलं असतं. शाम्पू, तीन नावं लिहिली, एकापेक्षा एक कडक. पुढचा रकाना होता, कशाने वाळवलं.

टॉवेल.

मी तो शब्द लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले. दुकानात असल्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला मी अर्धा तास ब्लोअरखाली धरते. थर उलगडून, शेपटीच्या मुळाशी, कानामागे, काखेत, हात आत घालून बघते ओल राहिली का. राहिली तर दोन-तीन दिवसांत कातडी आत नासते, लाल होते, पाणी सुटतं, खाज सुटते. नवीन कामाला लागलेल्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी मी हेच शिकवते, आणि आवाज चढवून शिकवते. बाबांकडे ब्लोअर नाही. आणि मी तिथे पोचते तेव्हा माझ्यात जीव नसतो. तीन टॉवेल फिरवायचे आणि बस पकडायची.

शेवटचा रकाना, तीन दिवसांनी फोन. रविवारनंतर तीन दिवस म्हणजे बुधवार. चिघळलंय गं.

"मालकीणबाई," मी म्हणाले, "मीच करत होते हे."

त्यांनी कार्ड वाचलं. त्या एरवी तोंडाच्या फार फटकळ आहेत. त्या दिवशी फक्त म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. राहिलेले फोन मी करते."

जनावरांचे डॉक्टर म्हणजे आमच्या दुकानाच्या रोजच्या ओळखीतले. मी कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि गुन्हा कबूल करावा तसं सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्यांनी चष्मा वर केला.

"गोधडी? दाट केसांची? ती तुमच्या बाबांची ना? अहो, पण ती येऊन गेलीय की माझ्याकडे."

"कधी?"

"झाले की दोन महिने. तुमचे बाबा चालत घेऊन आले होते, बिचारे मध्ये दोनदा बसले म्हणे. मी सगळं लिहून दिलं होतं. अंघोळ महिन्यातून एकदाच, साध्या सौम्य शाम्पूने, आणि केस मुळापर्यंत कोरडे करायचे. जखमेवरचे केस कापा, औषधी पाण्याने पुसून कोरडं ठेवा, गळ्यात भोंगा घाला म्हणजे ती चाटणार नाही. गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

मी कार्ड परत उचललं. मी उठताना त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, आणि तळहात लाल होते.

"आणि ह्यांना खाज सुटत नाही वाटतं?"

"सुटते."

"हातमोजे घालत जा," ते म्हणाले. "कुत्र्यांना सांगतो तेच माणसांना सांगायचं, पण माणसं ऐकत नाहीत."

तिथून मी तडक बाबांकडे गेले. बेल वाजवली, नखं वाजली, गोधडी पलंगाखाली गेली. बुधवारी मला दारात बघून बाबांचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोलू, तो उजळलेला चेहरा बघून माझा संताप आणखी वाढला.

"डॉक्टरांनी दिलेला कागद कुठेय?"

चेहरा विझला. त्यांनी कुठला कागद, असं विचारलं नाही. गुपचूप कपाटाशी गेले, चष्म्याचं घर उघडलं आणि आतून चार घड्यांचा कागद काढून माझ्या हातात दिला. घड्यांवर तो फाटायला आला होता. म्हणजे त्यांनी तो नुसता ठेवला नव्हता, उघडून उघडून वाचला होता.

"दोन महिने, बाबा! दोन महिने ते मुकं जनावर स्वतःला ओरबाडतंय. मी तिला दर रविवारी आणखी आजारी करून जाते, आणि तुम्ही पाणी तापवून ठेवता?"

"गोळ्या दिल्या मी तिला. वेळच्या वेळी."

"आणि अंघोळ?"

"तू गेलीस की पंखा लावायचो तिच्यासमोर. अंधार पडेपर्यंत. हाताने केस उलगडत बसायचो, एकेक थर." त्यांनी बोटं मिटली, उघडली. "पण फार दाट आहेत गं. आणि बोटं आता आखडतात. आत ओल राहायचीच."

पंखा अजून तिथेच जमिनीवर होता. मी दर रविवारी लाथेने बाजूला सारायचे तो.

"दादा तिला घरातून काढायला निघाला. तुमच्यासमोर बोलला. तेव्हा तरी तोंड उघडायचं."

"म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. मग रविवार यायचा, तू यायचीस. मग वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे."

"पण का?"

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. खालून गोधडीचं नाक बाहेर आलं आणि त्यांच्या पावलावर टेकलं.

"महिन्यातून एकदाच अंघोळ घालायची असं तुला सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू दर रविवारी आली असतीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. असल्या वेळी मुली बोलतात तसं, असं काय बोलता बाबा, म्हणून हात धरता आला असता. पण मी दिवसभर उभी होते, माझे हात जळत होते, आणि खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं.

"नाही," मी म्हणाले. "नसते आले."

"मग," बाबा म्हणाले.

एवढंच. तक्रार नाही, टोमणा नाही. भाव विचारावा आणि कळल्यावर मान हलवावी, तसं. मला त्यांचा राग आला होता, तो तसाच होता, त्यांनी कुत्री पणाला लावली होती माझ्या दोन तासांसाठी. आणि ते दोन तास मी कसे दिले होते, तर पाठ करून, टबवर वाकून. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी कात्री शोधायला लागले.

त्या संध्याकाळी आम्ही जखमेभोवतीचे केस कापले, औषधी पाण्याने पुसलं, मऊ कापडाने टिपून कोरडं केलं. डॉक्टरांकडून आणलेला भोंगा गोधडीच्या गळ्यात घातला. ती दाराच्या चौकटीवर दोनदा आपटली आणि मग आमच्याकडे अशा नजरेने बघायला लागली की बाबांना हसू आलं आणि मग मलाही. मी कार्ड भिंतीवर खिळ्याला अडकवलं आणि सोबत पेन बांधून ठेवलं.

"रोज लिहायचं. कातडी कशी आहे, खाजवतेय का. मला फोनवर वाचून दाखवायचं."

"बुधवारी?"

"रोज."

त्यांनी रोज वाचून दाखवलं. आधी, लाल, ओलं. मग, लाल, कोरडं. मग, खपली धरली. मग एके दिवशी नुसतं, झोपली छान. मधला एक रविवार मी गेले नाही. धुवायचं नव्हतं, मग जायचं कशाला, असं अंगाला वाटलं आणि मी दिवसभर अंथरुणात लोळले. आराम मात्र पडला नाही. संध्याकाळी फोनवर बाबांनी कार्ड वाचून दाखवलं आणि माझ्या न येण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. दादाची गाडी दारात उभी होती, मागच्या सीटवर जुनी चादर अंथरलेली. मी बेल वाजवली. नखं वाजली. गोधडी पलंगाखाली गेली.

दादाने तिला स्वतः बाहेर बोलावली आणि गुडघ्यांवर बसून केस उलगडून बघितले. शेपटीजवळ गुलाबी कातडी, त्यावर बारीक नवे केस. कानामागे नुसता एक पुसट डाग. त्याने बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, मग वहिनीकडे बघितलं. वहिनी छोटीला कडेवर घेऊन दारात उभी होती. बाबांनी पलंगाची कड घट्ट धरली होती.

"वास नाही," दादा म्हणाला.

"मग राहू दे की," वहिनी म्हणाली. "पण तो भोंगा काढा आता. छोटी घाबरते त्याला. आणि ताई, परत झालं तर मी तुम्हालाच बोलावणार, सांगून ठेवते."

"मला नको, डॉक्टरला बोलवा," मी म्हणाले.

दादा चादर काढायला गाडीकडे गेला. वहिनी आत गेली. खोलीत बाबा, मी आणि कुत्री उरलो. भोंगा काढल्यावर गोधडीने अंग झटकलं आणि सवयीने न्हाणीघराच्या दाराकडे संशयाने बघितलं. आत बादल्या पालथ्या होत्या. टॉवेल घडी करून ठेवले होते. मला ह्या घरात करायला काहीच नव्हतं, आणि अशा रिकाम्या हातांनी इथे कसं उभं राहायचं हे मला माहीत नव्हतं. बाबांनाही माहीत नव्हतं.

"मग?" ते म्हणाले. "निघतेस?"

मी चपलांकडे बघितलं. पाऊण तासाची बस, चार जिने, माझी खोली.

"बाबा, मी फार दमलेय हो," मी म्हणाले. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. "जरा पडू का इथे?"

ते घाईघाईने उठले आणि त्यांनी पलंगावरचं वर्तमानपत्र उचललं, उशी झटकली. मी भिंतीकडे तोंड करून आडवी झाले. पाच मिनिटं, असं म्हणाले असेन. त्यांनी पंखा जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवला, माझ्याकडे वळवला, आणि बाहेर छोटी रडायला लागली तेव्हा दार हळूच लोटून घेतलं. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं होतं. पायाशी काहीतरी गरम, जड होतं. गोधडी पलंगाखाली नव्हती, पलंगावर होती, माझ्या पोटऱ्यांवर हनुवटी टेकून झोपली होती. मी हात लांब करून तिच्या केसांत घातला, मुळापर्यंत. कोरडी होती. बाबा खोलीत नव्हते, पुढच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता, वहिनीला सांगत होते, हळू, झोपलीय ती.

मी उठून बसले. समोर भिंतीवर कार्ड होतं आणि पेन अजून दोऱ्याला हलत होतं. आजच्या तारखेपुढे बाबांनी त्यांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, कातडी कोरडी. खाज नाही. त्याखाली, कार्डावर जागा उरली नव्हती तरी कडेकडेने, अंघोळ नाही. तरी आली.